सोनफुलाची पुडी

प्रिय भिंगरी,

तुझा मेसेज मिळाला. सोबतचा लेखही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मोबाईल गेमच्या व्यसनाच्या दहा खुणा. त्यातल्या सात माझ्यात आहेत. मामाने चुगली केली हे उघडच आहे. माझं पासबुक भरून आणायला गेला आणि बँकेतच वाचत बसला. घरी येऊन म्हणतो, ताई, जन्मभर लोकांना शिस्त लावलीस आणि आता फोनमधल्या बिया विकत घेतेस? धाकटा असून माझा थोरला व्हायची त्याची हौस काही फिटत नाही. पत्र अशासाठी लिहिते आहे की मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतेस. पत्राला तो पाठवता येत नाही.

तर हो, तुमच्या कंपनीचा तो बागेचा खेळ मी आठ महिने खेळते आहे. दुपारचं जेवण उरकलं, एक ताट आणि एक वाटी धुऊन झाली, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते. बाग माझी ओसाड आहे. पाणी घालणं, तण उपटणं यात मला रस नाही. मी फक्त पुड्या घेते. पैसे भरायचे, पुडी फोडायची आणि आत कुठलं बी निघतं ते पाहायचं. बहुतेक वेळा सूर्यफूल. सोनफूल शंभरात एकदा, असं तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय. एकतीस वर्षं दवाखान्यात औषधं देताना वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचण्यातच माझे डोळे गेले. हे मी पहिल्याच दिवशी वाचलं. त्यामुळे मला कोणी फसवलं असं मामाला म्हणू देऊ नकोस. मी डोळे उघडे ठेवून पैसे घालवले.

त्या दवाखान्यातली तुझी जागा आठवते? शाळा सुटली की माझ्या काउंटरखालच्या स्टुलावर बसून तू रिकाम्या खोक्यांची घरं रचायचीस. घर कोसळलं की हसायचीस. आधी श्वास आत ओढायचा, क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम फुटायचं. रांगेतली तापलेली माणसंसुद्धा वाकून बघायची. मी मात्र पायाने स्टूल ढोसून म्हणायचे, गप्प बस, इथे आजारी माणसं आहेत. रोज म्हणायचे. पुढे तू खरंच गप्प झालीस, तेव्हा मला वाटलं, पोर शहाणी झाली.

तुला नोकरी लागली तेव्हा पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते की माणसांच्या अधीरपणावर पोट भरायचा हा धंदा आहे. ते मत अजून बदललेलं नाही. पण ते पाहुण्यांसमोर बोलायचं नव्हतं, आणि नोकरी लागल्याच्या आनंदाचा पहिला फोन तू मला केला होतास, त्याच आठवड्यात तर नव्हतंच. त्यानंतर रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग मेसेज आले, मग अंगठे.

दोन वर्षांपूर्वी शेवटची आलीस, तेव्हा निघताना बूट घालता घालता म्हणालीस की खेळातल्या आवाजांचं बजेट संपलं, म्हणून पुडीतून सोनफूल निघताना माझंच हसणं घातलंय, आई. मी काय म्हणाले आठवतं? मोजा फाटलाय, म्हणाले.

आठ महिन्यांत मला अकरा सोनफुलं मिळाली. गेल्या सोमवारी तुम्ही खेळ नवा केलात. बाराव्या सोनफुलाला नुसती घंटा वाजली. मी तुमच्या मदत केंद्राला रीतसर अर्ज केला की पूर्वीचा आवाज पूर्ववत करावा. त्यांनी आभार मानून खेळात पैशांसारखे चालणारे पन्नास हिरे भेट पाठवले. त्या हिऱ्यांच्याही मी पुड्याच घेतल्या. त्यांतही एक सोनफूल निघालं. पुन्हा घंटाच. म्हणून हे पत्र. मामा माझा फोन जप्त करायला आला आणि तो हातात घेऊन त्याने पुढचे दोन तास काय केलं, ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ऐकायचं असेल तर फोन कर. या वेळी हसलीस तर मी गप्प बस म्हणणार नाही.

तुझीच, मोज्याकडे बघत बसलेली,
आई