संत्र्यांवरचा आळ

माय, काल माझ्या जावेची आई दवाखान्यातून घरी आली. यापुढचं सांगावं असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुलाच लिहिते.

तिलाही तुझ्यासारखाच न्यूमोनिया. तसाच नागपूरचा दवाखाना, सलाईनमधून तशीच अँटिबायोटिक्स, आणि ताप उतरतो न उतरतो तोच तसेच जुलाब. तुझ्या खाटेखाली संत्र्यांची पिशवी असायची. पांढुर्ण्याहून येणारा प्रत्येकजण आपल्या बागेतली आणायचा आणि मी सोलून, शिरा काढून तुला भरवायचे. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "संत्र्यानंच लागले जुलाब. बिमार मानसाले इतके संत्रे चारते का कोनी?" तू गेलीस आणि ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. अजूनही संत्रं सोलायला घेतलं की ऐकू येतं.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याचं विचारण्याआधी गोळ्यांचं विचारलं. "ॲसिडिटीची गोळी घेतात का?" जाऊ हसली. "मॅडम, आमच्या सौसर गावात चहाच्या आधी तेच घेऊन राहिले सगळे." तूही घ्यायचीस. पाहुण्याच्या तळहातावर साखरेसारखी ठेवायचीस, "घ्या, गॅसची हाय, काही होत नाही." बाईंनी समजावलं की अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतूही मरतात, त्यात या गोळीनं पोटातलं आम्ल कमी झालेलं असतं, मग वाईट जंतूला रान मोकळं मिळू शकतं. तपासणीत तो जंतू निघाला. त्यांनी गोळी थांबवली, औषध बदललं आणि म्हातारी हळूहळू उठून बसली. तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आता सांगता यायचं नाही. पण असा जंतू संत्र्यांनी वाढत नाही.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटला तो मत्सर. जाऊ म्हातारीवर डाफरत होती, "माय, गुपचूप पडून राह्य, नाही तं परत भरती करीन." मला ते डाफरणंही हवं होतं. या वयात माझ्या वाट्याला फक्त कारण आलं, आणि तिच्या वाट्याला आई.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. आज सकाळी भेटायला जाताना मी टोपलीतली हिरवट, आंबट संत्री निवडून नेली. म्हातारीनं एक फोड चोखली, डोळे मिटले आणि म्हणाली, "गोड हाय वं पोरी. अजून एक सोल."

मी सोललं. शिरा काढून.