डब्यातलं डाळिंब

मुलुंड, शनिवार, १२ मार्च १९५५

नखांत माती आहे, तरी आधी लिहूनच टाकते. शाळेच्या लायब्ररीत अमेरिकेवरचं एक जुनं पुस्तक सापडलं. तिथल्या चेरोकी लोकांना सरकारने शंभरेक वर्षांपूर्वी बंदुकीच्या धाकाने गावांतून हाकललं. घरं, गुरं, उभं पीक, सगळं मागे राहिलं. पण भरपाईसाठी त्यांची पीचची झाडंसुद्धा मोजली होती. मोठी वेगळी, रोपटी वेगळी. रोपटीसुद्धा, म्हणजे बघ.

शेजारच्या जेठीबाईंना सांगितल्याशिवाय राहवेना. सिंधमधून आल्याला आता सात-आठ वर्षं होतील, पण अंगणातलं डाळिंब अजून तुपाच्या डब्यातच. जमिनीत लावा म्हटलं की एकच उत्तर, "डबा उचलून नेता येतो, बेटा."

आज मात्र निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून ऐकत होत्या. "रोपटीपण मोजली?" दोनदा विचारलं. सिंधमध्ये राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी त्यांनी भरलेल्या क्लेममध्ये घर लिहिलं गेलं, तिथल्या परसातल्या डाळिंबांचं कोणी विचारलंच नाही.

मग एकदम उठल्या. "कुदळ आहे तुझ्याकडे?"

मी पळतच जाऊन आणली. मला काय आनंद झाला होता. इतकी वर्षं मी सांगून दमले आणि आज एका पुस्तकाने काम केलं. दोघींनी खड्डा खणला, डबा कापून रोप अलगद काढलं. माझी बडबड चालूच, की आता तुम्ही खऱ्या मुलुंडच्या झालात.

त्या बुंध्याशी माती दाबत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "डब्यातलं झाड कोण मोजणार, बेटा? पुन्हा हाकललं, तर हे तरी मोजतील."