बंद वेशीबाहेर

शोमरोन,
राजाच्या कारकिर्दीचं अकरावं वर्ष, जैतुनाच्या फळांची झोडणी संपली तो आठवडा

माझी धाकटी मिल्का हिला ताईचे उदंड आशीर्वाद.

परमेश्वरकृपेने तुम्ही मायलेकी सुखरूप असाल. तू पाठवलेली सुकी अंजिरं पोचली. दात राहिले नाहीत, म्हणून भिजवून खाते. गुडघेही धरलेत. लढाई संपली, अरामी फौज परत गेली, बाजारात पुन्हा कांदे दिसू लागलेत.

राजवाड्याचा माणूस तुझ्याकडे येऊन गेला असेल. तुझा लेक यादोन राजाच्या शेजारी लढता लढता पडला, असं त्याने सांगितलं असेल. वर, हे तुझ्या बहिणीनेच सांगितलं, असंही म्हणाला असेल. मिल्का, मी तसं बोललेले नाही.

तू नेहमी विचारायचीस, तुमचा राजा आहे तरी कसा? मी त्याला दूध पाजलं, मी काय सांगणार! दुष्ट असता तर सोपं गेलं असतं गं. लहानपणी त्याने मांजराचं पिल्लू विहिरीत टाकलं, आणि कुणी रागवायच्या आत असा रडला, की आम्ही त्यालाच कुशीत घेतलं. मोठेपणीही तेच. एका सरदाराची बायको उचलून आणली आणि मग अंगाला राख फासून उपाशी बसला. लोक म्हणाले, केवढं मन! बाई मात्र त्याने परत पाठवली नाही.

लढाईच्या दिवशी मी वेशीपाशी जखमींना पाणी देत होते. राजाचा रथ सगळ्यांच्या आधी आत शिरला. मागून आपली पोरं धावत येत होती. तो ओरडला, "दार लावा!"

शल्लूम पहारेकरी म्हणाला, "महाराज, अरामी अजून ओढ्यापलीकडे आहेत. आपली माणसं आत येतील."

"लाव म्हणतो ना!"

अडसर पडला. मी शल्लूमच्या हाताला लोंबकळले, तर शिपायांनी मला ओढून बाजूला केलं.

पुढचं लिहायचं नव्हतं. यादोन दारापर्यंत पोचला होता, गं. धडधाकट होता. लहानपणी तू त्याला राजवाड्यात घेऊन यायचीस तेव्हा जशी हाक मारायचा, तशीच त्याने राजाला नावाने मारली. "अरे, मी आहे, यादोन!" राजा आतून दाराला टेकून उभा होता. ऐकत होता. मग अरामी आले.

परवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. "आई, भाऊ होता गं तो माझा. मावशीला कळव, माझ्या शेजारीच पडला म्हणून. तुझं ती खरं मानेल."

मी म्हटलं, "शेजारीच होता की. मधे फक्त दार होतं. हवं तेवढं रड, पण हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

तो उठला, तोंड पुसलं. "थकलीस तू, आई," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी भर दरबारात माझ्या नावावर तेच खपवलं आणि माझी खोली रिकामी करवली. मी सध्या शल्लूमच्या घरी आहे. त्याची बायको मला डाळ शिजवून घालते. तो स्वतः जेवत नाही.

यादोनला आम्ही पूर्वेच्या उतारावर पुरलं. मीच त्याला न्हाऊ घातलं. नखांत दाराच्या लाकडाची कुसळं होती, ती काढली.

तुला राजवस्त्र देतील, यादोनच्या नावाने जेवण घालतील. घे किंवा नाकार. पदरात दोन मुली आहेत तुझ्या, मी काही बोलणार नाही. खरं काय ते तुला ठाऊक असावं, एवढंच.

ज्याला अंगावर पाजलं, त्याची आता कुणीही नसलेली,
तुझीच ताई,
अबीटल