अण्णा, तू मला काय वाचून दाखवलंस?

प्रिय अण्णा,

'प्रिय' लिहिलं आणि पेन खाली ठेवून पाणी पिऊन आलो. खोडावं की राहू द्यावं? राहू दे. पत्राची सुरुवात तशी करतात, हे तूच शिकवलं होतंस.

तू जाऊन महिना होत आला. "मामा, गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का?" असं माझी सून शोभा म्हणाली. मी म्हटलं, जिवंतपणी बोलायला गेलो तेव्हा बोलणं अर्धंच राहिलं, आता दुसरं काय करू? उद्या सोमवार. उद्या अकरा वाजता धारवाडला, आपल्या जुन्या ऑफिसात, मंडळात माझी साक्ष आहे. गिरिजा अक्कोरूंचं प्रकरण पुन्हा उघडलंय. होय, त्याच शिक्षिका, खेड्यातल्या शाळेतली पोरं ज्यांना अक्कोरू म्हणायची त्या. तशी नोटीस आली. त्यात काल तुझ्या घरून वहिनी येऊन गेल्या. म्हणून जेवण झाल्यावर आडवा न होता लिहायला बसलोय.

चुका असतील. कमरीपेठेतल्या मराठी शाळेची चौथी, ती किती पुरणार! तू माझ्या पुढे दोन वर्षं होतास. तू शिकत गेलास, कानडी आणि इंग्रजीत पक्का झालास, शिक्षकांच्या नोंदणी मंडळात कारकून लागलास. मी पिठाच्या गिरणीत पोती उचलत होतो. साहेबांना गळ घालून तू मला तिथं शिपाई म्हणून चिकटवलंस. उपकार विसरलो नाही रे. विसरलो असतो तर आज इतका त्रास झाला नसता.

ऑफिसात मी तुला 'तुम्ही' म्हणायचो. संध्याकाळी हुबळीची बस सुटली की तू कोपराने ढोसायचास. "आता तुम्ही-बिम्ही पुरे कर, दत्तू. साहेब धारवाडातच राहिला."

काय जागा होती ती! शिक्षकांची नावं पटावर घ्यायची, तक्रार आली तर चौकशी करायची, दोष निघाला तर नाव कापायचं. वर्गात छडी फिरवणारे मास्तर आमच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या पिशवीत सर्टिफिकेटं धरून पोरांसारखे रांगेत उभे राहायचे. मला, चौथी पास शिपायाला, 'साहेब' म्हणायचे! मी चोरट्यासारखा इकडंतिकडं बघायचो. तू म्हणायचास, "घे की म्हणवून. यांच्या जातभाईंनी तुला कमी बडवलंय?"

मला कानडी वाचता येत नाही, हे तिथं फक्त तुलाच ठाऊक होतं. बोलायला काय, मी झोपेतही कानडी बोलतो. पण अक्षर बघितलं की जिलब्यांचं ताट. तू मला फायलींवरची नावं आकारावरून ओळखायला शिकवलंस. हे पोट मोठं ते अमुक, ही शेपटी लांब ती तमुक. घरची नोटीस, रेशनचं कार्ड, पोराचे मार्क, सगळं तूच वाचून दाखवायचास. हिच्या दवाखान्याचे कागदसुद्धा. "आण इकडं, आपल्या भाषेत सांगतो," म्हणायचास. आपल्या भाषेत! किती गोड वाटायचं ते ऐकायला.

अक्कोरू त्या दिवशी आल्या, ते तुला आठवत होतं ना? शाळेच्या मॅनेजरने त्यांच्यावर तक्रार केली होती. हजेरीवर सही करतात आणि शाळेत नसतात म्हणून. पंधरा दिवसांत खुलासा द्यायचा होता. शेवटच्या दिवशी दुपारी त्या घामाघूम होऊन आल्या. जाडजूड पाकीट. आत गावातल्या आईबापांच्या सह्या होत्या, की अक्कोरू रोज येतात. आवक लिहिणारा कारकून जेवायला गेला होता. मी पाकीट तुझ्या टेबलावर, तुझ्या हातात दिलं. त्यांनी विचारलं, "पोच?"

आणि मी काय म्हणालो? "अहो, अण्णांच्या हातात गेलं म्हणजे देवाच्या हातात गेलं. पोच कशाला? तुमची बस चुकेल."

तू ऐकून हसलास. मान डोलावलीस. त्या गेल्या.

आपल्या ऑफिसचा नियम मला नंतर कळला असं नाही, आधीच ठाऊक होता. ज्या कागदावर आवक नंबर पडला नाही, तो कागद आलाच नाही. तरी मी त्यांना पोच मागू दिली नाही. ही चूक माझी. ती तुझ्या माथी मारत नाही.

पुढं 'मुदतीत खुलासा नाही' म्हणून त्यांचं नाव पटावरून गेलं. शाळेने त्याच आठवड्यात घरी बसवलं. त्यांनी अपील केलं, आणि तू माझा जबाब लिहायला बसलास. मी सांगितलं ते तसंच: त्या दिवशी बाई आल्या होत्या, पाकीट दिलं, मी ते अण्णांच्या हातात ठेवलं. तू कानडीत लिहीत होतास. मान वर न करता म्हणालास, "पाकीट दुपारच्या गडबडीत कुठंतरी गेलं असेल रे, ते अपिलात बघतील." लिहून झाल्यावर कागद धरून वाचलंस. "ऐक, आपल्या भाषेत सांगतो. त्या दिवशी शिक्षिका कचेरीत आल्या होत्या..." शेवटपर्यंत वाचलंस. एकदाही अडखळला नाहीस. मी मराठीत सही केली. सहीखाली रेघ पण मारली, तुला आवडायची म्हणून.

अपील फेटाळलं गेलं. मी तुला विचारलं, "असं कसं झालं?" तू म्हणालास, "वरचे लोक, दत्तू. आपलं कोण ऐकतं?"

मग कितीतरी वर्षं आपण त्याच बसने येत-जात राहिलो. रायापूरच्या स्टॉपवर कधीकधी अक्कोरू चढायच्या. शिकवण्या घ्यायच्या, नंतर साड्यांना फॉल लावायला लागल्या. मला बघून तोंड फिरवायच्या. मला वाटायचं, बिचारीला लाज वाटत असेल. तुला तसं बोललोही. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "असेल." असेल? असेल म्हणालास, अण्णा!

मध्यंतरी तो माहितीच्या हक्काचा नवा कायदा आला. अक्कोरूंनी अर्ज करून सगळे कागद काढले आणि माझ्या दारात आल्या. शोभाने पाणी दिलं. घेतलं नाही. उभ्या उभ्या झेरॉक्स माझ्यासमोर धरली.

"याक्री सुळ्ळ हेळिद्रि?" खोटं का बोललात?

मी म्हटलं, "मी? मी तर खरं तेच सांगितलं!"

"मग हे काय आहे?"

मी कागद शोभाकडे दिला. ती गदगची, कानडी शाळेत शिकलेली. तिने मोठ्याने वाचलं, "आ दिना शिक्षकियवरु कचेरिगे बंदिरलिल्ल." मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. बंदिरलिल्ल. आल्या नव्हत्या. खाली माझी सही. सहीखाली रेघ.

वाचता येत नसलं तरी मला ऐकू येतं, अण्णा. तू ते कानडीत वाचलं असतंस तर त्या एका शब्दावर मी तुझा हात धरला असता. तुला ते ठाऊक होतं. म्हणून तर आपल्या भाषेत सांगितलंस! परक्या भाषेत मला फसवणं तुला जमलं नसतं. ते आपल्या मराठीतच जमलं.

अक्कोरू गेल्यावर जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी केशवापूरला तुझ्याकडे आलो. तू व्हरांड्यात मफलर गुंडाळून बसला होतास. वहिनींनी चहा आणला, चिवडा आणला. मी कागद पुढे केला.

"हे तू लिहिलंस?"

तू चष्मा लावलास, बघितलंस. "अक्षर माझंच."

"तू मला वेगळं वाचून दाखवलंस."

तू कागदाची घडी घातलीस, जुनीच घडी, जशीच्या तशी. मग म्हणालास, "दत्तू, वाचल्याशिवाय सही करू नये. एवढी वर्षं ऑफिसात काढलीस, एवढं शिकला नाहीस?" आणि हसलास. थट्टा करत होतास का रे? मला अजून कळलेलं नाही. ते हसणं मी रोज उलगडून बघतो आणि रोज वेगळं दिसतं.

मग तूच सांगितलंस. पाकीट तू घरी वाचायला म्हणून पिशवीत घातलंस आणि पिशवी सिटी बसमध्ये राहिली. डेपोत दोनदा जाऊन आलास. तुझ्या बढतीचा कागद तेव्हा वर गेला होता. "साहेबाला काय सांगू? सरकारी कागद बसमध्ये विसरलो म्हणू?" मला खरंच वाईट वाटलं तुझं. मी म्हटलं, "मला तरी सांगायचंस. मी म्हणालो असतो माझ्या हातून हरवलं. शिपायाच्या हातून हरवतात कागद." खरं सांगतो, मी तसं म्हणालो असतो. तू मागितलं असतंस तर मी खोटंसुद्धा बोललो असतो! तू मागितलं नाहीस. चोरून घेतलंस.

तू म्हणालास, "आता कशाला उकरतोस? आणि ती बाई तरी कुठं उपाशी मेली?"

तेव्हा मी उठलो. चहा तसाच राहिला. तू मागून हाक मारलीस, "अरे बस की, दत्तू!" मी वळलो नाही. दहा-बारा दिवसांत तुझी बातमी आली. त्या हाकेला मी ओ द्यायला हवी होती का? द्यायला हवी होती, असं सकाळी वाटतं. दुपारपर्यंत नाही वाटत.

खांदा दिला तुला. लोक रडत होते, मी मोजून पावलं टाकत होतो, धडपडू नये म्हणून. शेजारचा म्हणाला, "जोडी फुटली." मी हूं म्हटलं.

त्यानंतर मी एक वेड्यासारखं काम केलं. पेटीतले सगळे कागद काढले, तू वाचून दाखवलेले, आणि रोज दोन-चार शोभाकडून वाचून घेतले. घरपट्टी, पोराची सर्टिफिकेटं, हिच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या. ती वैतागली. "मामा, आणखी किती?" सगळे बरोबर निघाले, अण्णा! दवाखान्याच्या कागदात जे वाईट लिहिलं होतं, तेसुद्धा तू मला खरं सांगितलं होतंस, हात धरून. एकच कागद खोटा. सगळेच खोटे निघाले असते तर तुला शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता काय करू?

काल वहिनी आल्या. पांढऱ्या साडीत नव्हत्या, नेहमीच्याच होत्या, ते बरं वाटलं. म्हणाल्या, "भावजी, गेलेल्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं? तुम्ही फक्त 'आठवत नाही' म्हणा. या वयात कोण काय विचारतंय?"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मुलांना ऑफिसवाल्यांकडून बापाबद्दल ऐकावं लागेल हो."

त्यांचं खोटं नाही. आणि 'आठवत नाही' किती सोपं आहे! मग पेन्शनला काही होईल ही धास्ती नाही, खोट्या जबाबाबद्दल मला धरतील ही भीती नाही. खरंच, माणसं विसरतात. शोभा म्हणते, चष्मा कुठं ठेवला ते मी रोज विसरतो. पण त्या दुपारी अक्कोरूंच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्यांनी त्याला दोरी बांधली होती, हे मला आठवतं. ते आठवत असताना बाकीचं कसं विसरू?

तेव्हा ऐक, अण्णा, माझं ठरलंय. उद्या आठच्या बसने जाईन, अकराचं काम असलं तरी. बस बिघडली तर? म्हणून आठची. जबाब त्यांनी कानडीत लिहावा, पण वाचावाही कानडीतच, मोठ्याने, दोनदा. चिडले तर चिडू देत. मराठीत समजावून सांगतो म्हणाले तर नको म्हणेन. बाई आल्या होत्या, हे सांगेन. मी पोच घेऊ दिली नाही, हे सांगेन. पाकीट कुणाच्या हातात दिलं म्हणून विचारतील. तुझं नाव सांगेन. सगळं, वडिलांच्या नावासकट. तुझ्या बढतीबद्दल विचारलं तर तू जे बोललास तेच सांगेन, वर एक शब्द चढवणार नाही आणि गाळणारही नाही.

वहिनी मग माझ्याशी बोलणार नाहीत. न बोलू देत. त्यांच्या घरचं काम निघालं तर मी जात राहीन, दार उघडलं नाही तर फाटकाशी थांबेन. हा माझा शब्द आहे, आणि शब्द मी मोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. एकदा सही केली की मी फिरणार नाही, त्याच्यावरच तर तू विसंबला होतास.

शेवटी साहेब विचारतील, मयत तुमचे कोण? सहकारी म्हणून सोडून देता येईल. तसं करणार नाही. लहानपणापासूनचा मित्र, असं सांगेन. तेही खरं आहे. तेही लिहून घ्या म्हणेन.

दत्तू
कमरीपेठ, हुबळी