बबूनशी घातलेली हुज्जत

ऑल्डनदादास,

धाकट्या रॉडवेलचा नमस्कार. इकडे देवाच्या कृपेने सगळं आहे, फक्त झोप नाही. तुझा खोकला कसा आहे? (आहे हे मला कसं कळलं, ते विचारू नकोस.) काठची झाडं तोडून तू कुरण केलंस आणि मी गावच्या भर बैठकीत तुला नको ते बोललो, त्याला आता दोन वर्षं होतील. मधे एक नदी फक्त, तरी पत्र लिहावं लागतंय. कारण चर्चमध्ये मला बघून तू बाक बदलतोस, आणि खरं सांगायचं तर मीही बदलतो.

तर माझ्या काठावरच्या जंगली अंजिराला फळं धरली आणि बबूनांचा कळप मुक्कामाला आला. (बाहेरचे पाहुणे त्यांना हाउलर माकडं म्हणतात, म्हणोत बापडे.) एक नर, तीन माद्या, एक पोर. बबूनांसाठी काठची झाडं तोडणार नाही असं मी बैठकीत सही करून दिलेलं, त्यामुळे कुऱ्हाडीची सोय नाही. त्यांचा दिनक्रम म्हणशील तर फळं आणि कोवळा पाला ओरबाडायचा, मग चारी पाय लोंबकळत सोडून फांदीवर पडून राहायचं. एवढा पाला पचवायला आराम लागतो म्हणे. (बायकोच ती, इलरीन म्हणाली, "तुला तर पाल्याशिवायच जमतं!") आणि त्यांचं पचन नेमकं आमचे कपडे खाली वाळत असताना पूर्ण होतं.

शेवटी वैतागून मी एका पहाटे बाबांनी आपल्याला शिकवलेली बबूनची डरकाळी ठोकली. वाटलं, घाबरून पळतील. कसले पळतात! नराला वाटलं, शेजारचा कळप हद्दीवर चालून आला. तेव्हापासून रोज उजाडताना तो गळा फुगवून ओरडतो, मी ओरडतो, आणि मग नदीपलीकडून, तुझ्या बाजूने, तिसरा ओरडतो. ओरडून झालं की बबून शांतपणे जेवायला लागतो. त्यांच्यात मारामारी सहसा होत नाही. मला मात्र चैन पडत नाही. ताटात न्याहारीचा तळलेला फ्राय जॅक गार होतो आणि मी पुन्हा पुन्हा काठावर जाऊन पलीकडे बघतो. "अरे, ते माकड गप्प बसलं, आता तू बस ना!" इलरीन ओरडते. बसवत नाही.

तुझा,
रॉडवेल

ता. क. हे लिहून तीन दिवस झाले, तेव्हापासून पलीकडून आवाज नाही. नर वाट बघतो. मीही.

आणखी ता. क. तुझ्या काठावर एकही झाड उरलेलं नाही, तिथे बबून कुठून येणार, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. शिवाय बबूनला ओरडताना मधेच खोकला येत नाही. दादा, मला भीती वाटते आहे. उद्या उजाडताना एकदा तरी ओरड. नाही ओरडलास तर होडी घेऊन थेट तुझ्या दारात येतो. तिथे बदलायला बाक नाहीत.