बुरणुसाच्या पट्ट्या

अप्पा, आज फ्रिजच्या दाराचं रबर बदलायला माणूस आला होता. जुनं तडकून फट पडली होती, गारवा सगळा बाहेर जायचा. तो पोरगा नवं रबर बोटानं दाबत दाबत बसवायलाय आन् मी म्हातारी त्याच्या डोक्यावर उभी राहून म्हणते, बाबा, कोपऱ्यात नीट बघ, वारा लय चोर असतो. सून हसायली. तिला काय ठाऊक, हे बोलणं परभणीच्या जिनिंगमधलं हाय आन् तुमचं हाय.

तुमी तिथं फिटर. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, माझं लगीन जिंतूरला ठरलेलं. मालकाच्या ओळखीचा एक साहेब हैद्राबादहून आपलं दोन माणसांचं विमान घेऊन आला आन् गावाबाहेरच्या पडीक रानात उतरला. वैशाखाचं ऊन. परत निघाला तर इंजिन असं तापायचं की वर गेलेला तसाच खाली यायचा. दुखणं त्यालाही ठाऊक होतं. समोरून येणारी हवा इंजिनाच्या अंगातूनच जावी म्हणून आत पत्र्याच्या आडभिंती होत्या. त्यांच्या कडेच्या पट्ट्या वरच्या झाकणाला घट्ट टेकायला पाहिजेत, त्या जळून तडकल्या होत्या. हवा फटीतून वरच्यावर पळायची आन् इंजिन आत भाजत राहायचं. तिकडं जर्मनची लढाई चालू, रबर कुठं मिळंना. तुमी कातडं लावून बघितलं, ते एका फेरीत आकसलं. मालकाचा रोज निरोप, झालं का, झालं का.

त्या दिवशी मी भाकरी थापायले आन् तुमी ताटापुढं बसलेले. घास तोंडात जाईना. नजर सारखी कोपऱ्यातल्या बुरणुसाकडं. लोकर दाबून केलेला, अंथरायचा, बोटभर जाड. आईनं वालूरहून, तिच्या माहेरून आणलेला. तिचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं, आन् सासरी मी तेच नेणार होते. आज सांगते, अजून राग येतो. मागायला तोंड न्हवतं तुमाला आन् बघणंही सोडवत न्हवतं. शेवटी मीच तवा आपटून म्हणाले, न्या, कापा एकदाचा. तुमी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "रबर आलं की उतरवून तुकडा न् तुकडा तुझ्या हातात देतो. जबान हाय माझी."

दुसऱ्या दिवशी मीही तुमच्यासंगं जिनिंगमध्ये आले. बुरणुसाला कात्री लागणारच होती तर दुसऱ्या कुणाची का लागावी. पत्र्याच्या शेडमध्ये बसून मी पट्ट्या कापल्या, दुहेरी करून दाभणानं टाचल्या, तुमी त्या पत्र्याला बोल्टानं आवळल्या. एक मी उलटी झुकवली, बाहेरच्या अंगाला, तर साहेबासमोर खेकसले माझ्यावर. "वाऱ्याला पाठ दाखवू नको. तोंड त्याच्याकडं कर पट्टीचं, म्हंजी तोच तिला दाबून बसवील." माझ्या डोळ्याला धार लागली. तुमाला वाटलं ओरडल्यामुळं, आन् मला तरी कुठं कळत होतं कशामुळं ते.

विमान वर गेलं, गावाला फेरी मारून खाली आलं. साहेब म्हणाला, गरमीचा काटा जागचा हलला न्हाई. तेव्हा तुमी हसले. आई गेल्यावर पहिल्यांदाच.

पुढं ते विमान दोन-चारदा आलं. दर खेपेला तुमी रबराचं विचारायचे आन् साहेब म्हणायचा, चांगलं चाललंय ते कशाला काढायचं? अप्पा, तुमी इतकं नीट बसवलं होतं की ते तुकडे परत येण्याचं कारणच उरलं न्हाई. मी रिकाम्या हातानं जिंतूरला नांदायला गेले. मग धामधुमीचे दिवस आले, निजामाचं राज्य गेलं, साहेब कुठं गेला कुणाला पत्ता न्हाई. विमान आलं न्हाई.

आन् तुमी वाट बघत राहिले. मी माहेरी यायची, आपण जेवायला बसायचो, आभाळात कुठं घरघर झाली की तुमी खरकट्या हातानं अंगणात. कुणाचं का विमान असंना. किती सांगितलं मी, अप्पा, जाऊ द्या, मला नको ते, माझी लेकरं मोठी झाली. तुमचं एकच, "तुला जबान दिलीय." अहो, बुरणूस घेऊन काय करायचं होतं मला? तुमी ताटावरून उठू नये एवढंच पाहिजे होतं. तेवढं न्हाई झालं.

शेवटच्या दुखण्यात उठवत न्हवतं, तर मला पाठवायचे, बघ बरं, त्याचंच हाय का. मी अंगणात जायची. रस्त्यानं मालमोटार गेलेली असायची. आत येऊन न्हाई म्हणायची आन् तुमी भिंतीकडं तोंड करायचे. खोटं हो म्हणावं असं लय वाटायचं. पण मग तुकडे कुठून दाखवले असते?

हे लिहून कुणाला धाडणार हाय मी? फ्रिजवाल्याचं रबर ज्या खोक्यात आलं त्यात ठेवून देते. एकच सांगायचं राहिलं, ते तुमी जिवंत असताना सांगवलं न्हाई. आईचा आवाज मला आठवत न्हाई, अप्पा. लय आठवून बघते. कानात येतो तो त्या इंजिनाचाच, आन् त्याच्या मागं तुमी पाट सरकवून उठलेले.