वरच्या वळणावरचं रबर

आबा,

मागच्या आठवड्यात घरात आलेलं सामान असं: पोपटी रंगाचा एक टी-शर्ट, माझ्या मापाहून मोठा. छातीवर लावायचा नंबराचा कागद आणि त्याच्या चार पिना. मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी. एका पतसंस्थेची जाहिरात. फी पाचशे रुपये. ती पुण्याहून मुलाने परस्पर भरली, मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. पिना तेवढ्या कामाच्या निघाल्या, शिवणाच्या डब्यात टाकल्या.

हे पळण्याच्या शर्यतीचं सामान आहे. तुमची लेक साठीला टेकली आणि पळायला लागली. डॉक्टरांनी शुगर वाढली म्हणून चालायला सांगितलं, आणि शेजारीण मला पळणाऱ्यांच्या क्लबात घेऊन गेली. वर्गणी नाही म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पहाटे उठून दुसऱ्याला फुकट कोण कशाला पळवील? आता पावडरीचे डबे निघतील, आता विम्याचा कागद पुढे येईल, अशी मी कितीतरी दिवस वाट पाहिली. क्लबाचे सर शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी. ते रोज एवढंच म्हणायचे, "काकू, श्वासाकडं लक्ष." डबे काही निघाले नाहीत. तरी मी पिशवी मोकळी सोडून कधी पळाले नाही, पाठीला बांधूनच पळायची.

ही सवय तुमची. तुम्ही मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी. सकाळी पहिलं पोतं चढायच्या आधी रिकाम्या काट्यापुढे उभे राहायचात, तो हलायचा थांबेपर्यंत कुणाशी बोलायचा नाहीत. घरी गूळ आला तर तोही हातात तोलून बघायचात. मला अजून दिसतं, आई चुलीपुढे बसलेली आहे, गिरणीतून आलेल्या पिठात तुम्ही हात घालून बघताय आणि ती म्हणते, "माज्यावर तरी इश्वास ठिवा." तुम्ही म्हणता, "तुज्यावर हाय. पिठावर न्हाई." ती तोंडाला पदर लावून हसते. मला तेव्हा हसू यायचं नाही, कारण पिठानंतर पाळी माझी असायची. झरीच्या शाळेत मी पळण्यात पहिली आले आणि पितळी डबा घेऊन घरी आले, तेव्हा तुम्ही डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तसंच हाताला धरून मला परत शाळेत नेलं. सगळ्या मुलींसमोर बाईंना विचारलं, "हिला पळताना कुणी पाहिलं?" बाई म्हणाल्या, अहो, सगळ्या शाळेनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी भाकरी त्या डब्यात बांधून घेतलीत, आणि पुढे मोंढा सुटेपर्यंत तोच डबा नेलात. त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला. मुलींसमोर मान खाली गेली होती, ते तेवढं लवकर विसरता आलं नाही.

तर पळण्याची ही शर्यत जिंतूरच्या पुढच्या टेकड्यांत होती. परभणीच्या सपाट रस्त्यावर पळणारी माणसं आम्ही, चढ म्हणजे आम्हाला रेल्वेचा पूल. क्लबाने गाडी केली होती. गाडीत माझ्या शेजारी एक बाई बसली, पूर्ण्याची, रेल्वेत नोकरीला, चाळिशीची असेल. निळी ओढणी कमरेला गच्च बांधलेली. ती मला मावशी म्हणायला लागली, आणि ओळख ना पाळख, सोललेलं संत्रं पुढे केलं. मी घेतलं नाही. पायात बूट नवे, बोलणं मोकळं, घरचं कुणी सोबत नाही. मी तिच्यावर नजर ठेवायची ठरवली.

चढाला लागलो तेव्हा ती माझ्या मागे होती. पाण्याच्या टेबलापाशी मी वळून बघितलं, तेव्हाही मागेच, बरीच मागे. पुढचा चढ मी निम्मा चालत, निम्मा पळत काढला. वर, जिथून परत फिरायचं, तिथे बाजूला देवीचं लहानसं देऊळ आहे. देवापुढून तसंच वळून जायचं मला जमेना. चप्पल काढायची म्हणून मी बूट काढले, हात जोडले, पाच प्रदक्षिणा घातल्या. पुजाऱ्याने मनगटाला लाल दोरा बांधला. बूट घालून पलीकडच्या बाजूने रस्त्यावर आले आणि उताराला लागले. थोडं खाली गेले तर पुढे निळी ओढणी.

आबा, माझं डोकं फिरलं. टेकडीला मधून एक पायवाट आहे, येताना गाडीतून मीच पाहिली होती. वर न जाताच ही मधून उतरली, यात मला तिळभर शंका राहिली नाही. सगळा उतार मी त्या रागाच्या जोरावर पळाले. शेवटच्या पट्टीशी पोचले तर ती केळं खात बसलेली, गळ्यात मेडल. मी पाणीसुद्धा न पिता सरांकडे गेले आणि हळूच म्हणाले, "सर, ती निळ्या ओढणीवाली वर गेलीच नाही. मधून आली."

सर म्हणाले, बघू की, त्यात काय, वरच्या वळणावर प्रत्येकाच्या हातात एक हिरवं रबर घातलंय. त्यांनी तिच्या हाताकडे नजर टाकली. हिरवं रबर होतं. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. बांगड्या होत्या, लाल दोरा होता.

"काकू, तुमचं रबर?"

देवळाच्या पलीकडून उतरले, त्यामुळे रबर देणाऱ्या माणसापुढून मी गेलेच नव्हते. मी देवळाचं सांगू लागले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. सर भले गृहस्थ, ते म्हणाले, असू द्या काकू, तुम्ही कशाला खोटं बोलाल, घ्या मेडल. मला ते मेडल नको होतं. न पाहता, न तोलता दिलेलं. तुम्ही असतात तर तिथेच विचारलं असतं, हिला वर कुणी पाहिलं?

ते विचारायच्या आधीच ती बाई केळ्याचं साल हातात घेऊन आली. काय झालं म्हणाली. सरांनी माझ्या रबराचं तेवढं सांगितलं. तशी ती हसली आणि म्हणाली, "मावशी वरी आल्त्या की. देवळाला फेऱ्या घालायलत्या. म्या दोनदा हाक मारली, रबर घ्या म्हणून, पर त्यांला कुठलं ऐकू जातंय."

सर्वांदेखत माझ्या गळ्यात मेडल पडलं. ते पडत असतानाच मला उमगलं. मी देवीभोवती फिरत होते, तेवढ्यात ती चढून आली, रबर घेतलं आणि रस्त्याने सरळ खाली गेली. पायवाटेने कुणीच आलं नव्हतं.

परतीच्या गाडीतही ती शेजारीच बसली. या वेळी संत्रं मी घेतलं. पोखर्णीच्या नृसिंहाला जाल तेव्हा मला बी न्या, म्हणाली. मी हो म्हणाले. पण गाडी सुटायच्या आधी सर आणि ती बाजूला उभं राहून काहीतरी बोलत होते, ते मी पाहिलंय. मी तिच्याबद्दल काय सांगितलं होतं, ते सरांनी तिला सांगितलं असेल का? नसेल, तर ते मला सांगायला हवं. आणि तिला ते साक्ष द्यायच्या आधीच कळलं असेल, चहाडी मी हळू केली होती खरी, पण माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, तर मग ती माझ्या बाजूने का बोलली? यात तिचा काय फायदा? मी सगळ्या बाजूंनी बघितलं, मला सापडत नाही.

घरात हे कुणाला सांगितलेलं नाही. यांना मेडल दाखवलं, रबराचं बोलले नाही. हे पाकीट कुठल्या पत्त्यावर टाकायचं तेही मला माहीत नाही, तेव्हा ते शिवणाच्या डब्याखालीच राहील. पण या रविवारी ती दिवसभर आमच्याकडे येणार आहे, मीच जेवायला बोलावलंय. पुरणाची डाळ भिजत घालायच्या आत उलट टपाली एवढं कळवा: आधी तिला सांगून टाकू, की तिला ठाऊक आहे का ते आधी बघून घेऊ?